‘विपुलाच’मधला ‘च’

पुस्तकाच्या नावातलं एक अक्षर किती काम करतं ते पाहायचं असेल, तर श्री. अ. दाभोलकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ हातात घ्यावं आणि आत शिरण्याआधी मुखपृष्ठावरच जरा रेंगाळावं. संस्कृत नाटककार भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या सुरुवातीला टीकाकारांवर रुसून स्वतःची समजूत घातली होती. काळाला अंत नाही, पृथ्वीही मोठी आहे, माझं लिहिणं कळणारा कधीतरी, कुठेतरी निपजेलच, अशी. त्याच्या श्लोकात पृथ्वी ‘विपुला’ आहे आणि तिच्याशेजारचा ‘च’ संस्कृतातला, म्हणजे साधा ‘आणि’. दाभोलकरांनी पृथ्वी उठवून तिथे सृष्टी बसवली आणि तो ‘च’ मागच्या शब्दाला चिकटवून टाकला. चिकटला तसा तो मराठी झाला. मराठीतला ‘च’ हट्टी. ‘जेवायला या’ म्हटलं तर पाहुणा येईल न येईल. ‘जेवायलाच या’ म्हटलं की पान मांडलेलं असतं. सृष्टी विपुलच आहे, टंचाई वाटत असेल तर आधी आपला हिशेब तपासा, असं हा ‘च’ फळ्यावर खडू आपटून सांगतो. निदान मी तो असा वाचतो.

खडू म्हणालो ते उगाच नाही. श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवलं. घर साताऱ्याचं, दहा भावंडांचं. थोरले देवदत्त पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, शेंडेफळ नरेंद्र बुवाबाबांच्या मागे पुरावा मागत महाराष्ट्रभर हिंडले. श्रीपादरावांनी पुरावा मागितला तो झाडाकडे. एका घरातले हे दोन भाऊ मला नेहमी एकाच वाक्याचे दोन तुकडे वाटतात. ‘असं म्हणतात’ यावर दोघांचाही विश्वास बसत नसे. ‘खत जास्त घातलं की पीक जास्त’ हे शेतकऱ्यांच्या माथी मारलेलं वाक्यही शेवटी ‘असं म्हणतात’च्याच जातीचं.

हे सगळं आज आठवण्याचं कारण माझी भाची. पुण्यात नोकरी, वाकडला नवव्या मजल्यावर फ्लॅट, आणि ‘ऑरगॅनिक’ जगण्याचा मनापासून ध्यास. आठवड्याला भाजीची एक पेटी दारात येते, पालेभाजीच्या जुडीवर हिरवी चिठ्ठी, भाव मंडईच्या अडीचपट. गेल्या दिवाळीत ती साताऱ्याला आली, तेव्हा मी गच्चीवर वांग्याचं एक पान आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड गिरवत बसलो होतो. समोर अजिंक्यतारा, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड.

“मामा, हे काय करताय?”

“पानाचं माप घेतोय.”

“कशाला?”

त्या ‘कशाला’चं उत्तर म्हणजेच दाभोलकर.

पान कृष्णाकाठच्या वांग्याचं. आमच्याकडे भोगीची भाजी त्याच्याशिवाय होत नाही, आणि पलीकडे सांगलीत त्या वांग्यावर जे प्रेम आहे ते पाहुण्याला सांगूनही कळायचं नाही. पान देठाशी तिरपं, एका बाजूची पाळी खाली उतरलेली, दुसरी जरा वर. वांग्याचं पान कधी दोन्हीकडे सारखं नसतं. कडा लाटेसारख्या. खालून बोट फिरवलं तर मऊ लव लागते, शिरांवर मात्र बारीक काटे. हिरव्या शिरेच्या मुळाशी जांभळ्या रंगाची एक पुसट रेघ, येणाऱ्या फळाची आधीच दिलेली वर्दी. आलेखाच्या कागदावरचे पूर्ण चौकोन मोजले, अर्धे जोडून घेतले, पाव सोडून दिले. 116 चौरस सेंटिमीटर भरले. एक चौरस फूट म्हणजे 929 चौरस सेंटिमीटर, तेव्हा अशी आठ पानं म्हणजे एक चौरस फूट. झाडावर लहानमोठी मिळून 37 पानं होती. सगळी मिळून साडेतीन चौरस फुटांच्या आसपास. कुंडीचं तोंड बारा इंची, म्हणजे जेमतेम पाऊण चौरस फूट.

भाची गप्प झाली. पाऊण फूट जागेवर साडेतीन फूट पान उभं राहतं, हे तिला नवीन होतं. मलाही ते माझ्या पन्नाशीपर्यंत नवीनच होतं. आपण जागा मोजतो, गुंठे मोजतो, फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजतो. दाभोलकरांनी जमीन मोजायची सोडून पान मोजायला लावलं. ऊन पडतं पानावर, साखर बनते पानात, झाडाची कमाई होते ती तिथे. जमीन ही फक्त उभं राहायची जागा. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. या 37 पानांतली उन्हात किती आणि दुसऱ्याच्या सावलीत बसलेली किती? बुडाची पाच-सहा पानं दिवसभर अंधारात. ती कमवत काही नाहीत, खातात मात्र. ती काढली. वेल वर चढवायची, रोप जरा तिरकं बांधायचं, कुंडी दोन हात पूर्वेला सरकवायची, ही सगळी कामं मग ‘बागकाम’ राहत नाहीत. ती बेरीज-वजाबाकी होतात, आणि ज्याला आकड्यांचा नाद आहे त्याला त्यात मजा येते. भाची दिवसभर संगणकावर आकडेच हलवते. तिला ही मजा कळायला वेळ लागला नाही.

आता ‘प्रयोग परिवार’ हे नाव. दाभोलकरांनी आपल्या कामाला दिलेलं. यातला ‘परिवार’ आधी घेऊ. संस्था नाही, संघ नाही, मंडळही नाही. अध्यक्ष, चिटणीस, वर्गणी यातलं काही या शब्दात मावत नाही. एकाने आपल्या शेतात केलेलं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने ते आपल्या शेतात पडताळायचं, चुकलं तर तेही सांगायचं. शिकवणारा आणि शिकणारा असे दोन वर्ग ठेवायचे नाहीत, यावर त्यांचा कटाक्ष होता. ‘प्रयोग’ हा शब्द तर त्याहून खोल. प्रयोगशाळेतला प्रयोग आपल्याला ठाऊक आहे, पण सांगलीच्या माणसाला ‘प्रयोग’ म्हटलं की आधी नाटक आठवतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात. नाटकाचा कालचा प्रयोग आणि आजचा प्रयोग एकच नसतो. संहिता तीच, पण प्रेक्षक वेगळे, हवा वेगळी, नटाचा घसा वेगळा. शेतीचंही तसंच. शेजाऱ्याच्या बागेतली रीत उचलून आपल्या बागेत लावली, तर तो आपला प्रयोग, त्याचा नव्हे. व्याकरणातही कर्तरी आणि कर्मणी असे प्रयोग असतात. दुकानातून ऑरगॅनिकची पेटी मागवणारा माणूस कर्मणीत राहतो, त्याच्याकडून भाजी खाल्ली जाते. हा माझा चावटपणा झाला. दाभोलकरांवर त्याचा आळ नको.

या परिवाराचं सगळ्यात मोठं रंगमंदिर ठरलं सांगली जिल्ह्यातलं तासगाव. दुष्काळी पट्टा, हलकी जमीन, विहिरींना पाणी बेताचं, आणि त्यात द्राक्ष. साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या शेतकऱ्यांनी द्राक्षाचा वेल ज्या बारकाईने वाचला, तो मराठी वाचनाच्या इतिहासात नोंदवायला हवा असं मला खरोखर वाटतं. एप्रिलची छाटणी काडी घडवायला, ऑक्टोबरची छाटणी फळ धरायला. काडीच्या कितव्या डोळ्यात घड दडलाय. शेंडा पंधरा-सोळा पानांवर का मारायचा, तर तेवढ्या पानांची कमाई एका घडाला पुरते म्हणून. हा पानांचा हिशेब आज तासगावचा शाळकरी पोरगाही बोलता बोलता सांगतो. बोरगावच्या वसंतराव आर्व्यांच्या बागेतून निघालेल्या वाणाचं नाव ‘तास-ए-गणेश’. त्याची फोड अशी सांगतात: तास तासगावचा, ए आर्व्यांचा, आणि गणेश तासगावचा देव. वाणाच्या नावात गाव, माणूस आणि देव एका ओळीत बसवणारी ही माणसं नुसती बागायतदार नव्हती.

इथे एक खडा लागतो, आणि तो वेचून बाजूला ठेवून पुढे जाणं रसग्रहणात बसत नाही. त्याच तासगावच्या द्राक्षावर आज फवारण्यांची रांग लागते. डाऊनी, भुरी, करपा; ऑक्टोबरची छाटणी झाली की ढग दिसला रे दिसला, ट्रॅक्टरवरचा ब्लोअर सुरू. निर्यातीच्या पेटीतून रसायनाचा उरलेला अंश मोजला जातो म्हणून अलीकडे हात आखडला आहे, पण आखडला तो परदेशच्या भीतीने. मग दाभोलकरांचा विचार तासगावात हरला का? मला वाटतं, अर्धा रुजला. पानाचं गणित रुजलं, ‘च’ राहून गेला. उत्पन्नाला सीमा नाही एवढं घेतलं, सृष्टी विपुलच आहे हे घेतलं नाही. म्हणून जे कमी वाटलं ते बाटलीतून आणलं. यात शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, नि गच्चीवर बसून देणं तर फारच सोपं.

दाभोलकरांचं दुसरं टोक दहा गुंठ्यांचं. पाच माणसांच्या कुटुंबाला नीट जगायला दहा गुंठे पुरतील, असं त्यांनी मांडलं. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट, पाव एकर. माझी गच्ची 300 चौरस फूट, म्हणजे त्याचा छत्तिसावा भाग. भाचीची बाल्कनी 40. तेव्हा बाल्कनीत पिकवून घर चालेल असं कुणी तरुणांना सांगत असेल, तर तो थापा मारतोय. बाल्कनी घराला कोथिंबीर देईल, मिरच्या देईल, पावसाळ्यात अळू देईल, आणि डोळे देईल. त्या डोळ्यांनी मग बाकीची पेटी वाचता येते. घरची भेंडी एक दिवस उशिरा तोडली की जून होते, हे ज्याने पाहिलंय त्याला पेटीतल्या तीन दिवसांच्या भेंडीची किंमत कळते. भोकाचं पान पाहून तो नाक मुरडत नाही.

पुस्तकाबाहेर हा विचार जिथे शहरात उतरला, ती उदाहरणं मुंबईची. अर्थशास्त्रज्ञ डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत उसापासून फळझाडांपर्यंत बरंच काही पिकवलं. पिशवीत माती थोडी आणि उसाची चिपाडं जास्त. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनमध्ये तीन-एक हजार कामगारांचं जेवण व्हायचं. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002च्या सुमारास स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवर नेला आणि तिथे बाग उभी केली. बंदरावर, जहाजांच्या भोंग्याखाली. मला यातली चिपाडं फार आवडतात. कारण त्यांत शोभेचा मोह नाही, वजनाचा हिशेब आहे. एक घनफूट ओली माती म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो. अशा वीस कुंड्या स्लॅबवर मांडल्या तर वरती एक छोटी मोटारगाडी उभी केल्यासारखं होतं. चिपाड हलकं, पाणी धरून ठेवणारं, कुजून माती होणारं, आणि रसवंतीवाल्याला नकोसं झालेलं. सातारा-सांगलीत तर ते ढिगाने मिळतं. रस पिऊन झाल्यावर “थोडी चिपाडं द्या” म्हटलं की रसवंतीवाला आधी तुमच्याकडे पाहतो, मग पोतं भरून देतो.

माती म्हणजे काय, या प्रश्नात तर दाभोलकरांच्या विचाराचा खरा रस साठलाय. सतराव्या शतकात फान हेल्मोंट नावाच्या गृहस्थाने एका कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती घालून विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 164 पौंडांनी वाढलं, माती कमी झाली ती फक्त दोन औंस. त्याला वाटलं झाड पाण्याचं बनलंय. हवेचा वाटा पुढे कळला. वाळलेल्या झाडाच्या शंभर भागांतले नव्वदहून अधिक हवा आणि पाण्यातून येतात. चुलीपुढे बसलेल्या आपल्या आज्यांना हे न सांगता ठाऊक होतं. भारा जाळून हाती येते ती मूठभर राख. मातीचं देणं तेवढंच. म्हणजे जे झाडाने हवेतून मिळवलं, ते जाळून किंवा कचरागाडीत टाकून न देता मातीला परत केलं, तर माती दरवर्षी जाड होत जाते. ‘विपुलाच’मधला हट्ट इथे पायावर उभा राहतो.

दाभोलकरांच्या वाटेने पुढे गेलेले दीपक सचदे (शिष्य म्हणावंसं वाटतं, पण परिवारात तो शब्द चालायचा नाही) यांनी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बजवाड्याला ‘अमृत मिट्टी’ची रीत बसवली. तिच्यातली एक पायरी वाचताना मी थबकून बसलो होतो. आधी दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ; तीन दिवस ढवळत ठेवायचं, मग दहापट पाणी घालायचं. त्यात भिजवलेला पालापाचोळा आणि थोडी माती यांचे थर. इथवर कुणीही सांगेल. पुढे त्या ढिगावर सहा रसांची बियाणी पेरायची. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. मेथी, मिरची, अंबाडी, तीळ, कडधान्यं, जे जे ज्या चवीचं. 21व्या दिवशी त्यांचे शेंडे छाटून तिथेच पसरायचे, पुन्हा 42व्या दिवशी, आणि 63व्या दिवशी झाडं कापून सगळंच मातीत. सहा चवींची झाडं जमिनीतून वेगवेगळं उचलतात आणि परत देताना सगळं एकत्र देतात, असा त्यामागचा विचार. तो प्रयोगशाळेत किती टिकेल यावर कृषी विद्यापीठवाले वाद घालोत. मला मात्र ताट आठवलं. आपण जेवताना मीठ-लिंबू, कोशिंबीर, भाजी, आमटी, गोड असं वाढतो, तेच आधी मातीला वाढायचं. मातीला जेवू घालण्याची याहून मराठी कल्पना मी पाहिली नाही, जरी ती हिंदी मुलखात पुरी झाली असली.

माझी फजितीही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं गोडच लागेल. पहिल्या वर्षी एवढी खटपट कोण करतो म्हणून मी एका नर्सरीतून ‘शंभर टक्के सेंद्रिय’ छापलेली खताची गोणी आणली. दोन महिन्यांनी टोमॅटोची रोपं उभ्या उभ्या माना टाकू लागली. उपटून पाहिलं तर मुळं गायब, आणि खताच्या गोळ्यात इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या गुबगुबीत पांढऱ्या अळ्या. हुमणी. उसाच्या शेतकऱ्याची जुनी वैरीण माझ्या सातव्या कुंडीत तरारली होती. सेंद्रिय तर ती शंभर टक्के होती. पुढे खत घरी करायला लागलो. पाणी घालून घालून एकदा त्याचा असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून वर आल्या. “मेलंय का काही?” ओल्याला दुप्पट सुकं घालायचं असतं, हे त्या दिवशी कळलं. काकूंनीच वाळलेल्या पानांचं पोतं आणून दिलं, आता त्यांच्याही साली माझ्याकडे येतात. कढीपत्ता त्यांचा, टोपली माझी. या व्यवहाराला ‘परिवार’ म्हणायला दाभोलकरांची हरकत नसावी.

आणि हे सगळं इतकं नवं तरी कुठे आहे? आमच्या आईच्या वाड्यात मोरीचं पाणी अळवाला जायचं, त्यापुढे केळीला, उरलंसुरलं कर्दळीला. परसात कधी कुणी ‘शहरी शेती’ केली नाही, नुसतं पाणी वाया जाऊ दिलं नाही. फ्लॅटमध्ये मोरी गेली तशी ती अळवाची ओळही गेली. फरक इतकाच की आईने कधी पान मोजलं नाही. तिच्याकडे सवय होती. आपली सवय तुटली आहे, म्हणून आपल्याला मोजावं लागतं. मोजणं ही तुटलेल्या सवयीची काठी आहे, असं मला ‘विपुलाच सृष्टी’ पुन्हा वाचताना वाटलं. कदाचित गणिताच्या मास्तरांना ते मान्य होणार नाही. त्यांना मोजण्यातच आनंद होता.

तेव्हा वाकड-बाणेरच्या, सांगलीच्या विश्रामबागेतल्या, साताऱ्याहून रोज पुण्याची बस धरणाऱ्या तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे, की कुंडी, कोकोपीट, झारी, रंगीत खुरपी यांची यादी करण्याआधी आलेखाची एक वही आणा. मंडईतून आणलेल्या मेथीचंच एक पान त्यावर ठेवा. मग बाल्कनीत कुठे किती तास ऊन येतं ते एका रविवारी दर तासाला खडूने आखा. बी त्यानंतर.

भाचीने तेच केलं. जानेवारीत तिचा निरोप आला, सोबत कागदाचा फोटो. पान 87 चौरस सेंटिमीटर, झाडावर पानं 29, सकाळचं ऊन साडेतीन तास. खाली ओळ होती, “मामा, वांगी तीन आली. चौथं किडकं निघालं, कुंडीतच पुरलं.”